ई-फेरफार प्रणालीतील अधिकारविभागणी : कर्जत-खालापूरच्या संदर्भात एक समीक्षा

कार्यप्रवाहाच्या संगणकप्रणालीची समीक्षा करताना दोन प्रश्न अपरिहार्य ठरतात : माहितीची मांडणी कशी केली आहे आणि तीत लिहिण्याचा अधिकार कोणास आहे. ई-फेरफार प्रणालीचा आराखडा या दृष्टीने पाहिला असता तो महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १५० चाच असल्याचे दिसते. तलाठ्याने (आताच्या पदनामाने ग्राम महसूल अधिकाऱ्याने) गाव नमुना ६ मध्ये नोंद घ्यावी, हितसंबंधितांस नोटीस द्यावी, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी आणि मगच सातबारावर अंमल व्हावा. लिहिणारा व मंजूर करणारा वेगळा असावा, हे तत्त्व दप्तरात संगणकापूर्वीही होते. प्रणालीने त्यास स्वतंत्र लॉगिन व डिजिटल स्वाक्षरीची जोड दिली. कोऱ्या ओळीत मागाहून नोंद घुसविणे त्यामुळे कठीण झाले, हे श्रेय लहान नाही.

परंतु हरकतीचे काय? कायद्यानुसार हरकत तोंडी वा लेखी घ्यावयाची ती तलाठ्याकडेच. तिची पोच देणे व ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत दाखल करणे हे कर्तव्यही त्याचेच. म्हणजे ज्याने नोंद घेतली, त्याच्याच हातून त्या नोंदीविरुद्धची हरकत माहितीसाठ्यात शिरते. प्रमाणीकरणाच्या बाबतीत कसोशीने पाळलेली अधिकारविभागणी येथे थांबते. हरकत दाखलच झाली नाही, तर मंडळ अधिकाऱ्यासमोर नोंद निर्विवाद म्हणूनच येते.

कर्जत व खालापूर तालुक्यांत ही उणीव केवळ तात्त्विक राहत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. फार्महाऊस व गृहप्रकल्पांसाठी येथील जमिनीस मागणी आहे. डोंगरपायथ्याच्या वाड्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. नोटिशीनंतरची पंधरा दिवसांची मुदत अशा वेळी वाडीत कोणी नसतानाच सरते. ‘आपली चावडी’ संकेतस्थळावर प्रलंबित फेरफार कोणासही पाहता येतात, हे खरे. मात्र पाहण्याचा अधिकार आणि रोखण्याचा अधिकार यांत अंतर आहे.

मांडणीचा दोषही यास पूरक ठरतो. सातबाराच्या ‘इतर हक्क’ या एकाच रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा, वहिवाटीची वाट आणि हस्तांतरणावरील निर्बंध शेजारी शेजारी नांदतात. बोजा फेडीने उतरतो. कलम ३६अ खालील निर्बंध मात्र पूर्वमंजुरीवाचून आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊच देत नाही. असा निर्बंध वाचून समजण्याचा मजकूर न राहता मंजुरी-आदेशाचा क्रमांक नोंदविल्याशिवाय फेरफार पुढे सरकू न देणारी अट व्हावयास हवा. हरकतीसही तलाठ्याच्या लॉगिनबाहेरचा मार्ग हवा : ती तहसील कचेरीत नोंदविता यावी, पोच-क्रमांक तत्क्षणी मिळावा आणि तो निकाली निघेपर्यंत प्रमाणीकरण आपोआप थांबावे.