जखमी हृदय आणि लिंगभेद : ‘संप्रेरक-कवच’ या उपपत्तीची चिकित्सा

हृदयाला झालेल्या इजेस स्त्री व पुरुष यांची शरीरे भिन्न प्रतिसाद का देतात, याविषयी रूढ झालेल्या एका उपपत्तीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही चर्चा केवळ प्रयोगशाळेपुरती मर्यादित नाही. तळोज्याच्या शेजारी खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोगावरील उपचार व संशोधन करणारी संस्था आहे. कर्करोगावरील काही प्रभावी औषधे हृदयस्नायूलाच इजा करतात. त्यामुळे तळोजा परिसरातील रुग्णांच्या दृष्टीनेही हा प्रश्न दूरचा राहत नाही.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्त्रीच्या हृदयाचे रक्षण करते आणि रजोनिवृत्तीनंतर हे कवच गळून पडते, अशी मांडणी दीर्घकाळ होत आली. ती निराधार नाही. समवयस्क पुरुषांच्या तुलनेत रजोनिवृत्तीपूर्व स्त्रियांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळते. उंदरांची हृदयरोहिणी बांधून केलेल्या प्रयोगांत हृदयाची भिंत फुटण्याचे प्रमाण नरांमध्ये अधिक दिसते. परंतु माणसात याच्या उलट, झटक्यानंतर भिंत फुटण्याचा धोका स्त्रियांमध्ये अधिक नोंदविला गेला आहे. झटका येणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक वयाच्या असतात व उपचारास उशिरा पोहोचतात, तर प्रयोगातील मादी सामान्यतः तरुण असते. तेव्हा तुलना लिंगाची होते की वयाची, हेच संदिग्ध राहते.

कवच गळून पडत असेल, तर ते पुन्हा चढविता यायला हवे. अमेरिकेतील ‘हर्स’ चाचणीत हृदयविकार असलेल्या २७६३ रजोनिवृत्त स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन देण्यात आले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण लाभ दिसला नाही; पहिल्या वर्षी तर हृदयविकाराच्या घटना वाढल्या.

या उपपत्तीची खरी कसोटी मात्र बालरुग्णांच्या बाबतीत लागते. बालपणी डॉक्सोरुबिसिन घेऊन कर्करोगातून बऱ्या झालेल्यांचा अभ्यास लिपशुल्ट्झ व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हृदयावरील दूरगामी दुष्परिणाम मुलींमध्ये अधिक आढळले. मुलींना कवच अद्याप लाभलेले नसते, असा खुलासा येथे अपुरा ठरतो. कारण ते मुलांनाही नसते. मग मुलींनाच अधिक इजा का व्हावी? मुलींच्या शरीरात मेदाचे प्रमाण अधिक असते व मेदात हे औषध फारसे शिरत नाही. परिणामी शरीराच्या पृष्ठभागानुसार ठरविलेली मात्रा हृदयास जास्त पोहोचत असावी, असा एक तर्क पुढे आला. हा तर्क अद्याप तर्कच आहे. पण तो प्रश्न संप्रेरकाकडून मात्रेच्या हिशोबाकडे वळवितो, आणि हिशोब दुरुस्त करता येतो.

निदानातही हाच दृष्टिदोष आढळतो. छातीतील कळ ही पुरुषाची तक्रार आदर्श मानली गेली. ‘जीव घाबरा होतो’ असे म्हणणाऱ्या बाईची बोळवण पुष्कळदा मनाचा अशक्तपणा म्हणून होते. हृदयस्नायूची इजा दर्शविणाऱ्या ट्रोपोनिनची वरची मर्यादा एका अतिसंवेदनशील चाचणीत पुरुषांसाठी ३४, तर स्त्रियांसाठी १६ नॅनोग्रॅम प्रतिलिटर मानली जाते. स्कॉटलंडमध्ये अशा स्वतंत्र मर्यादा वापरल्यावर अनेक स्त्रियांमधील इजा नव्याने उघड झाली. उपचार मात्र त्यांना पुरुषांपेक्षा कमीच मिळाले.