ऊर्जा-असुरक्षितता आणि पर्यावरणीय शाश्वतता : बारामती-इंदापूरच्या संदर्भात

विकसनशील अर्थव्यवस्थांविषयीच्या लेखनात ऊर्जेचा तुटवडा दूर झाला की पर्यावरणावरील ताण ओसरतो, असे सर्रास गृहीत धरले जाते. सरपणाच्या बाबतीत ते बव्हंशी खरे आहे. नीरा डावा कालवा आणि उजनीचा फुगवटा यांवर पोसलेल्या बारामती-इंदापूरच्या बागायतीस मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

येथील प्रश्न विजेच्या अभावापेक्षा तिच्या अनिश्चिततेचा आहे. कृषिपंपांना वीज पाळीने, अनेकदा रात्री मिळते. तिचा भरवसा नसल्याने शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच बसवितो; वीज येताच पंप आपोआप सुरू होतो आणि उसाला गरजेहून अधिक पाणी जाते. निचरा नसलेली जमीन चिबड होते, क्षार वर येतात. अर्थात सारा दोष विजेचा नव्हे. १८८५ च्या सुमारास सुरू झालेल्या या कालव्याखालील जमिनी विद्युतपंप येण्यापूर्वीच खारवटू लागल्या होत्या. अनिश्चित विजेने जुनेच दुखणे वाढविले.

राज्याची २०१७ ची सौर कृषी वाहिनी योजना व केंद्राची २०१९ ची कुसुम योजना यांमुळे दिवसा खात्रीची वीज मिळाल्यास ऑटो स्विचचे कारणच उरणार नाही. हा लाभ लहान नाही. परंतु स्वतःच्या सौरपंपावर जादा उपशाचा खर्च जवळजवळ शून्य होतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मिळणाऱ्या मोफत विजेचाही परिणाम तोच. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीमुळे तर ऊस हेच ऊर्जेचे पीक ठरते. त्या विजेला हरित म्हणताना उसाने घेतलेले पाणी हिशेबात धरले जात नाही, आणि सौरपंपाच्या अनुदानाला ठिबकची सक्तीची जोडही नाही.