‘गानतपस्विनी’ : एका पदवीचा विचार

मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्या पूर्वायुष्याविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा एकाच साच्यातले असते : पोरकेपण, दारिद्र्य, उस्तादांची कृपा आणि अखेरीस ‘गानतपस्विनी’ ही पदवी. वाचकाचे डोळे पाणावतात. गाणे मात्र बाजूस राहते. ह्या पदवीलाच आमची नम्र हरकत आहे.

बाईंचा जन्म १९०४ साली गोव्यातील कुर्डी गावी झाला. मुलीस गायिका करावयाचे, हा आई जयश्रीबाईंचा ध्यास. त्यांनी तिला नाटकमंडळीत घातले आणि १९१४ च्या सुमारास त्या निवर्तल्या. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत मोगूबाई भूमिका करू लागल्या. सांगलीस अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांचा रियाज ऐकला व शिकविण्याचे मान्य केले. परंतु ती तालीम अखंड राहिली नाही. मुंबईस खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ ह्यांच्याकडे शिक्षण झाले, तेही तुटले. कित्येक वर्षांनी त्या पुनः अल्लादियाखाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या. १९४६ साली खाँसाहेब वारले. ‘पद्मभूषण’ मिळाले ते १९७४ साली, वयाच्या सत्तरीत.

आता विचार करावा. तपस्वी स्वेच्छेने वनात जातो. बाईंस निवड कोठे होती? त्यांना पोट भरावयाचे होते. आणि विद्या कोणास मिळावी, हे त्या काळी गुणाइतकेच पैशावर व आश्रयावर ठरत असे. ‘तपश्चर्या’ म्हटले की हा सारा हिशेब दैवाच्या खाती जमा होतो आणि समाज मोकळा सुटतो.

अमेरिकेतील अरेथा फ्रँकलिन (१९४२–२०१८) हिचीही आई ती दहा वर्षांची होण्याच्या सुमारास वारली. तिचा गळा डेट्रॉइटच्या चर्चमध्ये घडला. तिच्या आर्त पुकारात श्रोत्यांस तिचे दुःख ऐकू येते. मोगूबाईंच्या गाण्यात तसे काही शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल. तेथे आहे विलंबित त्रितालाची शिस्त, मात्रेमात्रेशी बांधलेला स्वर आणि न डगमगता गाठलेली सम. दुःख गळ्यातून पाझरलेच पाहिजे, हा हट्ट रसिकाचा, कलावंताचा नव्हे. आयुष्यात ज्यांना काहीच स्थिर लाभले नाही, त्यांनी लयीत स्थैर्य निर्माण केले, असे आम्हांस वाटते. कन्या किशोरी आमोणकर ह्यांच्या हाती त्यांनी दिला तो वारसा हाच.

कुर्डी आज साळावली धरणाच्या जलाशयात आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष दिसू लागतात. गाव जाऊन नाव उरणे म्हणजे काय, हे पाताळगंगेकाठी रसायनीच्या कारखान्यांस जमिनी दिलेल्या घरांस सांगावयास नको. मोगूबाईंनी ते नाव आपल्या नावात जपले. त्यांच्या पुढील चरित्रकाराने अश्रू आवरावे, तालमीचा खर्च कोणी सोसला व ती का तुटली ते लिहावे, आणि मग ध्वनिमुद्रिका लावून स्वस्थ ऐकत बसावे.