कव्हरवर हुकूम कोणाचा?

१९६७च्या अखेरीस गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ हा अल्बम आला, तेव्हा त्याच्या कव्हरवर आपल्याकडच्या कॅलेंडरात शोभेल असे विश्वरूपदर्शन होते. विष्णूच्या छापील चित्रात हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे बसवले होते. चित्र देखणे आहे, पण हेंड्रिक्सला ते रुचले नव्हते. आपल्या पूर्वजांत अमेरिकेतले मूलनिवासी होते याचा त्याला अभिमान होता. हिंदू देवतांशी त्याचे तसे काही नाते नव्हते. पुढच्या वर्षी ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’साठी त्याने रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहून सूचना दिल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’च्या शिल्पापाशी लहान मुलांसोबतचा, छायाचित्रकार लिंडा ईस्टमनने टिपलेला फोटो त्याला हवा होता. ब्रिटनमध्ये त्याऐवजी नग्न स्त्रियांचा घोळका छापला गेला. कव्हर पाहून कलावंताचे मन वाचायला निघालेल्या समीक्षकाने म्हणूनच आधी विचारावे: हा निर्णय होता कोणाचा?

पिंक फ्लॉइड या बँडने तो निर्णय स्वतःकडे ठेवला. ‘हिपग्नोसिस’ या डिझाइन संस्थेच्या स्टॉर्म थॉर्गर्सन आणि ऑब्री पॉवेल यांच्या साथीने त्यांनी १९७० साली ‘अ‍ॅटम हार्ट मदर’वर नुसती गाय छापली, बँडचे नावही नाही. १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चा लोलक जगभर पोहोचला. माझ्या मते मात्र त्यांचे खरे मोठे काम ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) आहे. दुरावलेला सहकारी सिड बॅरेट आणि संगीतव्यवसायातला कोरडेपणा हे त्या गाण्यांचे विषय. कव्हरवर हस्तांदोलन करणाऱ्या दोघांपैकी एक जण पेटलेला आहे आणि हे चित्रही काळ्या प्लास्टिकमागे दडवलेले. अनुपस्थिती इथे नुसती चितारलेली नाही. रेकॉर्ड हाती घेणाऱ्याला ती अनुभवावी लागते. लोलक ही उत्तम खूण आहे, हे कव्हर मात्र संगीताचाच भाग आहे.

गायक डेव्हिड बोवीचा ‘ब्लॅकस्टार’ हा अल्बम २०१६ साली ८ जानेवारीला आला आणि दोन दिवसांनी बोवी गेला. आयुष्यभर स्वतःच्या चेहऱ्याचीच कला केलेल्या माणसाने या कव्हरवर चेहरा ठेवला नाही. डिझायनर जोनाथन बार्नब्रुकने पांढऱ्यावर काळी चांदणी काढली. मोठ्या रेकॉर्डच्या कव्हरमध्ये ती कापून काढलेली असल्याने आतली काळी तबकडी दिसते.

मोबाइलच्या पडद्यावर कव्हर नखाएवढे झाले, म्हणून ही कला संपली अशी हळहळ ऐकू येते. स्पर्शाची आणि उलगडण्याची गंमत हरवली, हे खरेच नुकसान आहे. पण बारा इंचांची ऐसपैस जागा असूनही हेंड्रिक्सला आपले म्हणणे मांडता आले नव्हते आणि बोवीची चांदणी छोट्या पडद्यावरही ठसठशीत दिसते. या कलेची तब्येत इंचांत मोजू नये. काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हे ठरवण्याचा हक्क संगीतकाराला जितका मिळेल, तितकी ती जिवंत राहील.