एक पद, दोन चाली : ‘घेई छंद मकरंद’ आणि गायकप्रेमाची मर्यादा

मराठी संगीत रंगभूमीविषयीच्या लेखनात गायकाच्या गौरवाला मोठी परंपरा आहे. पदाच्या चिकित्सेला तेवढी नाही. बालगंधर्वांचे ‘नाथ हा माझा’ कसे रंगे, मास्टर दीनानाथांची तान कशी अंगावर येई, यांविषयी आठवणींच्या पुस्तकांतून भरभरून वाचावयास मिळते. ते पद नाटकात त्या ठिकाणी कोणते कार्य करीत होते, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो. ‘वन्समोअर’ देणाऱ्या प्रेक्षकाने नाटक थांबवले आणि समीक्षकानेही बहुधा तेच केले. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील ‘घेई छंद मकरंद’ हे पद या सवयीची परीक्षा पाहते. कारण येथे एका गायकावर मोहून जाणारा रसिक अर्ध्या पदालाच मुकतो.

पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे हे नाटक २४ डिसेंबर १९६७ रोजी ‘नाट्यसंपदा’ने रंगभूमीवर आणले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बालगंधर्वांचे निधन झाले होते. एका युगाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय, अशी सोयीस्कर मांडणी या दोन तारखांवरून करता येईल. परंतु ती टाळलेली बरी, कारण पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या ‘मत्स्यगंधा’तील चालींनी १९६४ मध्येच बदलाची चाहूल दिली होती. ‘कट्यार’चे वेगळेपण निराळ्याच गोष्टीत आहे. जुन्या संगीत नाटकातील रुक्मिणी किंवा भामिनी गाते ती संकेतानुसार. ती गायिका नसते. ‘कट्यार’मधील पात्रे मात्र गवई आहेत. राजगायकाचे पद, त्यासोबत मिळणारी हवेली आणि एक खून माफ असलेली कट्यार यांभोवती कथानक फिरते. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांची स्पर्धा ही दोन गायकींची स्पर्धा आहे, आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव खाँसाहेबांची विद्या चोरून घेऊ पाहतो तेव्हा चोरीचा ऐवजही गाणेच असतो. म्हणून येथे गाणे ही घटना आहे. ते काढून घेतले तर कथानकच उरत नाही.

अशा नाटकात एकच पद दोन चालींत यावे, ही योजना केवळ चमत्कृतीची नव्हे. शब्द दारव्हेकरांचे आहेत आणि ते वरवर अगदी पारंपरिक वाटतात. मधाला लोभावलेला भुंगा कमळात शिरतो, पाकळ्या मिटतात, तो बंदिवान होतो आणि तरीही त्याचा ध्यास सुटत नाही. संस्कृत काव्यापासून चालत आलेला हा संकेत नाटकात मात्र सर्व प्रमुख पात्रांना लागू पडतो. खाँसाहेब मिळवलेल्या हवेलीत कोंडले गेले आहेत, सदाशिव चाकराच्या सोंगात. शब्दांचा नादही ध्यानात घेण्याजोगा आहे. अनुस्वार आणि त्यामागून येणारा दकार यांची आवर्तने पदभर पसरली आहेत. गायकाच्या दृष्टीने ही अडचणीची जागा असते. स्वर लांबवायचा तर अनुस्वाराआधीच्या अकारावर वा इकारावर थांबावे लागते. अनुस्वारावर रेंगाळले तर गुंजारव निर्माण होतो, आणि दकारावर आले की पाकळी मिटल्यासारखा नाद बंद होतो. शब्दांतच दडलेला हा खेळ दोन गायकींनी कसा खेळावा, हे अभिषेकीबुवांनी चालींतून ठरवून दिले.

पंडितजींच्या गायकीची चाल सालगवराळी रागात आहे. ती प्रसाद सावकार यांच्या आवाजात सर्वश्रुत झाली. खाँसाहेबांची चाल धानीत आहे आणि ती डॉ. वसंतराव देशपांडे यांची. कोमल गंधार व कोमल निषाद दोन्हींत आहेत. भेद इतर स्वरांत आहे. सालगवराळीत मध्यम वर्ज्य, आणि कोमल रिषभामुळे गंधाराला एक गंभीर, किंचित झाकोळलेली छटा येते. धानीत रिषभ-धैवतांचा अडसर जवळपास नाहीच. पाच स्वरांच्या मोकळ्या जागेत तान सहज झेप घेते. म्हणजे एका रागाचा विसावा दुसऱ्या रागात अस्तित्वातच नाही. मंगेशीच्या देवळाच्या संस्कारात वाढलेल्या आणि आग्रा घराण्याची तालीम घेतलेल्या संगीतकाराने हे अजाणता केले असेल, हे संभवत नाही.

वसंतरावांच्या गाण्याविषयी बोलताना स्तुतीचा मोह आवरणे कठीण आहे, आणि तो सर्वस्वी आवरावा असेही नाही. मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मलेल्या आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या या गायकाने लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा भिन्न वळणांच्या गुरूंकडून विद्या मिळवली. त्यांच्या मनात आदर्श होता तो मात्र दीनानाथांचा. कोणत्याही एका घराण्यात न मावणारा हा गवई लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी करीत होता. घराण्याच्या अभिमानाने पेटलेल्या खाँसाहेबांची भूमिका घराण्याबाहेरच्या गायकाने अजरामर करावी, यातील विसंगती गमतीची आहे. धानीतील ‘घेई छंद’मध्ये त्यांची तान शब्दाच्या शेवटची वाट पाहत नाही, शब्द मध्येच फोडून ती वर उसळते, अनपेक्षित ठिकाणी वळते आणि समेवर अशी येते की आपण चुकलो की काय, असे ऐकणाऱ्यालाच वाटावे. हा भुंगा बंदिवान खरा, परंतु पाकळ्यांना धडका देणारा. त्या तानेत विजयाचा माज आहे आणि त्याच्या तळाशी असुरक्षितताही. ती ऐकू येते, कारण गाणारा गळा आणि अभिनय करणारे शरीर एकच आहे.

प्रसाद सावकारांच्या गायनाला या तेजापुढे नेहमीच दुय्यम स्थान मिळाले, आणि येथेच गायकप्रेमाची मर्यादा उघड होते. सावकारांचा सूर संयत आहे, शब्द अखंड राहतो, अनुस्वाराचा गुंजारव ते सावकाश फुलू देतात. ‘यात वसंतरावांची झेप नाही’ हा अभिप्राय वस्तुतः खरा असूनही टीका म्हणून व्यर्थ आहे. झेप नसणे हाच त्या चालीचा पक्ष आहे. बंदिवासातही गुंगून राहणारा भुंगा तो हाच. दोन्ही चाली ऐकल्यावाचून पदाचा अर्थ पुरा होत नाही, आणि दोहोंत श्रेष्ठ कोण हा प्रश्न विचारणारा रसिक नकळत विश्रामपूरच्या दरबारात जाऊन बसतो.

हा प्रश्न बळावला तो ध्वनिमुद्रिकेमुळे. मराठी मुलखाबाहेरच्या श्रोत्यांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर होती. दारव्हेकर आणि वसंतराव यांचे नागपूर तेच. पुढे राज्ये वेगळी झाली. रायपूरच्या पंडरीत, कापडबाजाराच्या गजबजाटात, आकाशवाणीवर किंवा ध्वनिफितीवर ‘घेई छंद’ ऐकणाऱ्या मराठी माणसापर्यंत पद पोहोचले. सदाशिव आणि खाँसाहेब यांच्यातला ताण पोहोचला असेलच असे नाही. नाटक दूर राहिले की चाल एकटी पडते आणि गायकाच्या कर्तबगारीचा नमुना बनते.

पाश्चात्त्य संगीतिकेतही असेच घडले आहे. पुच्चीनीच्या ‘तूरांदोत’मधील ‘नेस्सून दोर्मा’ हे गीत १९२६ मध्ये मिलानच्या रंगमंचावर प्रथम गायले गेले. १९९० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने पावारोत्तीच्या आवाजात ते जगभर पोहोचले. मूळ रचनेत हे गीत संपत नाही, ते पुढच्या प्रसंगात मिसळून जाते. टाळ्यांसाठीचा स्वतंत्र शेवट मैफलीने त्याला दिला. अखेरचा तारस्वर कोणी किती लांबवला याची मोजदाद रसिक हौसेने करतात. त्या स्वरामागे जीव पणाला लावलेला राजपुत्र उभा आहे, हे विसरले जाते. पणाला लागलेला जीव आणि गळ्यातला विजय, हे नाते ‘कट्यार’लाही अनोळखी नाही.

वसंतरावांचे १९८३ मध्ये निधन झाले. त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी पुढे खाँसाहेबांची भूमिका रंगमंचावर केली, तेव्हा आजोबांशी तुलना अटळ ठरली. ती करताना ‘तीच जागा आली का’ असे पाहण्याची जी घाई झाली, तिने नव्या गायकावर अन्याय केला. वसंतरावांची खरी शिकवण जागा चुकवण्याची होती, आणि राहुल देशपांडे जेथे आजोबांपासून दूर जातात तेथेच त्यांच्या अधिक जवळ येतात. २०१५ च्या, सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपटात हेच पद नव्या पिढीने ऐकले. तेथे खाँसाहेब सचिन पिळगावकर आहेत आणि आवाज राहुल देशपांडे यांचा. गळा आणि शरीर वेगळे झाले. तान तितकीच तयार आहे, परंतु तिचा श्रम चेहऱ्यावर उमटत नाही. पंडितजींच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन आहेत आणि ते स्वतःच गातात. व्यवसायाने नट नसलेल्या या गायकाच्या संकोचलेल्या वावरात, ओठ आणि सूर एकाच वेळी हलताना, जुन्या संगीत नाटकाचा नट क्षणभर दिसून जातो.