सोळा तासांपलीकडचं काम

प्राध्यापकांचं काम मोजतात कसं, ते आधी पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पूर्णवेळ प्राध्यापकाला आठवड्याला किमान ४० तास काम सांगितलंय. त्यात प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. म्हणजे सहायक प्राध्यापकाचे २४ तास उरले. तयारी, उत्तरपत्रिका, संशोधन, नॅकच्या फायली, सगळं त्यात. वेळापत्रकात मात्र तासिकाच दिसते. वर्गात साठ मुलं असोत की एकशेवीस, तासिका एकच. तपासायचे गठ्ठे दुप्पट!

आमचा मोजण्याला विरोध नाही. मोजलंच नाही, तर जास्तीचं काम गुपचूप कनिष्ठांच्या गळ्यात पडतं. आक्षेप एवढाच, की जे मोजायला सोपं, तेवढंच काम मानलं जातं. त्याची किंमत महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक चुकवतात. त्यांना मानधन तासिकेचं. पूर्णवेळवाल्यांचे ते २४ तास निदान कागदावर तरी गृहीत आहेत; यांच्या बाबतीत तेवढंही नाही. शिकवणं तेच, तयारीही तीच. तेव्हा कार्यभार नव्याने मोजायचा असेल, तर आपण सुरुवात यांच्यापासून करायला हवी.