ओरस्टेड कंपनीची गोष्ट सांगताना

तारेतून विद्युतधारा सोडली की शेजारची चुंबकसूची हलते, हा ओरस्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाचा १८२० सालचा प्रयोग आपण सारे वर्गात करून दाखवतो. त्याचे नाव २०१७ साली डेन्मार्कमधील एका ऊर्जा कंपनीने धारण केले. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून ही कंपनी आता आदर्श म्हणून सांगितली जाते. गोष्ट थोडक्यात अशी : कोळसा, तेल आणि वायू यांवर जगणाऱ्या एका कंपनीला जाग आली, दहा वर्षांत तिने समुद्रातील पवनचक्क्यांचा धंदा उभारला, धूर थांबवला आणि वर नफाही मिळवला. गोष्ट खोटी नाही. पण विज्ञानाच्या शिक्षकाने ती सांगावी का, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर ‘जरूर सांगावी, पण अशी नव्हे’ असे राहील.

पहिली शंका ‘जाग आली’ या शब्दांबद्दल. उत्तर समुद्रातील तेल-वायूचा व्यवहार पाहण्यासाठी डॅनिश सरकारने १९७२ साली ही कंपनी काढली. २००६ मध्ये तिच्यात देशातील काही वीज कंपन्या विलीन झाल्या आणि त्यांच्याबरोबर कोळशाची केंद्रे व थोड्या पवनचक्क्याही आल्या. या नव्या ‘डाँग एनर्जी’ने जर्मनीच्या किनाऱ्यावर लुबमिन येथे १६०० मेगावॉटचे कोळशावरील वीजकेंद्र बांधायचे ठरवले होते. स्थानिक लोकांनी कडवा विरोध केला आणि डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने तो बेत सोडला. (त्याच महिन्यात कोपनहेगनला जागतिक हवामान परिषद भरली होती.) ८५ टक्के जीवाश्म इंधन आणि १५ टक्के हरित ऊर्जा हे प्रमाण २०४० पर्यंत उलटे करण्याचे उद्दिष्टही त्याच काळातले. ते २०१९ मध्येच गाठले गेले. लुबमिनच्या रहिवाशांना मात्र या यशोगाथेत सहसा जागा मिळत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. कोळशाच्या केंद्रात खर्च आयुष्यभर चालू असतो, कारण इंधन रोज विकत घ्यावे लागते. पवनचक्कीचे इंधन फुकट असते. पण पाया, मनोरा, पाती, समुद्राखालच्या तारा हा जवळजवळ सारा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. म्हणजे कर्ज आले, आणि कर्ज आले की व्याजाचा दर आला. वीस-पंचवीस वर्षे वीज कोणत्या भावाने विकली जाईल याची खात्री नसेल तर सावकार व्याज चढे लावणार आणि वीज महागणार. वाऱ्याचा वेग बदललेला नसतानाही तिची किंमत बदलते, ती अशी.

ब्रिटिश सरकारने ही खात्री दिली. ठरलेल्या भावापेक्षा बाजारभाव खाली गेला तर फरक ग्राहकांच्या बिलातून कंपनीला मिळायचा, वर गेला तर कंपनीने तो परत करायचा, असा १५ वर्षांचा करार. यॉर्कशरच्या किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर आत, सात मेगावॉटच्या १७४ पवनचक्क्यांचे हॉर्नसी-१ हे केंद्र अशाच करारावर उभे राहिले. त्याचा भाव होता युनिटला १४ पेन्स. हॉर्नसी-२ ला २०१७ मध्ये ५.७५ पेन्स मिळाले, हॉर्नसी-३ ला २०२२ मध्ये सुमारे ३.७ पेन्स (तिन्ही आकडे २०१२ च्या किमतींनुसार). इतकी घसरण! तिच्यात कंपनीच्या अभियंत्यांचे कौशल्य निश्चितच आहे. पण ते कौशल्य शिकण्याची फी ब्रिटिश ग्राहकाने भरली आणि कंपनीत निम्म्याहून किंचित अधिक भागभांडवल डॅनिश सरकारचे होते, हे सांगितले नाही तर मुलांचा समज होतो की धाडसी संचालक नेमला की काम झाले.

खात्री डळमळली की काय होते तेही याच कंपनीने पाहिले. व्याजदर आणि सामानाच्या किमती चढल्यावर २०२३ मध्ये तिने अमेरिकेत न्यू जर्सीजवळचे दोन प्रकल्प सोडले आणि सुमारे २८ अब्ज क्रोनरचे नुकसान वहीत मांडले. मे २०२५ मध्ये २४०० मेगावॉटचे हॉर्नसी-४ नियोजित स्वरूपात थांबवले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ८० टक्के पूर्ण झालेल्या ‘रेव्होल्यूशन विंड’चे काम बंद करायला लावले. महिन्याभराने न्यायालयाने ते पुन्हा सुरू करू दिले. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीला भागधारकांकडून ६० अब्ज क्रोनर मागावे लागले.

आमचा मुख्य आक्षेप मात्र ‘धूर थांबवला’ या वाक्याला आहे. २०१७ मध्ये कंपनीने आपली तेल-वायू क्षेत्रे ‘इनिऑस’ या कंपनीला विकली. विहिरी बुजवल्या गेल्या नाहीत, मालक बदलला. डेन्मार्कमधील काही केंद्रांत कोळशाऐवजी लाकडाच्या गोळ्या जाळल्या जाऊ लागल्या. लाकूड जाळताना दर युनिट विजेमागे धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड कोळशापेक्षा कमी नसतो. तरी हिशेबात तो शून्य धरतात, कारण त्याची नोंद झाड जिथे तोडले त्या देशाच्या खात्यावर व्हावी असा नियम आहे. झाड पुन्हा वाढले तर नियमाला अर्थ आहे, पण त्याला कैक वर्षे लागतात. कोळशाचे शेवटचे केंद्र, एसबियर्गचे, २०२४ च्या ऑगस्टअखेर बंद झाले. ती बचत खरी.

भौतिकशास्त्रात उदाहरण सोडवताना आपण आधी संहतीची सीमा आखायला शिकवतो. तेच इथे करावे. वहीच्या एका पानावर ‘कंपनीच्या खात्यातून कमी झालेला कार्बन’ आणि दुसऱ्यावर ‘वातावरणात जायचा टळलेला कार्बन’ असे लिहावे, आणि विकलेल्या विहिरी, लाकडाच्या गोळ्या, एसबियर्ग व हॉर्नसी यांपैकी काय कोणत्या पानावर येते हे दहावीच्या मुलांना ठरवू द्यावे. गोळ्यांवरून वर्गात भांडण होईल, ते होऊ द्यावे. विहिरी आमच्या मते पहिल्याच पानावर राहतात.